परसातल्या कोंबड्यांना शिंका आणि घरघर: औषधाआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळ घरामागच्या परसात चौदा कोंबड्या आहेत, बहुतेक गावठी, चार गिरिराज. आठवडी बाजारातून दोन तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि एक कोंबडा आणला आणि त्याच संध्याकाळी कळपात सोडला. दहा-बारा दिवसांनी एकीला शिंका सुरू झाल्या, डोळ्यात फेस दिसू लागला. तीन आठवड्यांत पाच-सहा जणी तशाच झाल्या, एकीचा चेहरा सुजला, रात्री खुराड्यातून घरघर येते. मेली एकही नाही, दाणे टिपतात, पण अंडी निम्म्यावर आली. दुकानातून आणलेलं एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दोन दिवस पाण्यातून दिलं, उतार पडला म्हणून थांबवलं, चार दिवसांत पुन्हा तेच. आता औषध कोणतं द्यावं, अंडी खावीत का, खुडूक बसलेल्या कोंबडीखाली हीच अंडी ठेवली तर चालतील का, आणि घरातल्या मुलांना काही होईल का?

या वर्णनावरून माझा पहिला संशय सीआरडीवर आहे. मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम नावाच्या जिवाणूमुळे होणारा हा जुनाट श्वसनरोग. संशय म्हणतोय, निदान नाही, कारण प्रयोगशाळेत नमुना गेल्याशिवाय या आजारांची खात्रीने फारकत होत नाही. तरीही सीआरडीच आधी मनात का येतो हे समजून घ्या, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

शिंक, नाकातून पाणी, डोळ्यात फेस ही लक्षणं अर्धा डझन आजारांत तशीच दिसतात. त्यामुळे लक्षणांपेक्षा मी दोन गोष्टी आधी विचारतो: आजार किती वेगाने पसरला, आणि घरात शिरला कुठून. तुमच्याकडे तो एकीकडून दुसरीकडे रेंगाळत गेला, तीन आठवडे झाले तरी अर्धा कळप बरा आहे आणि मर नाही. मायकोप्लाझ्माची चाल अशीच संथ असते. इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस ही विषाणूची सर्दी असती तर एक-दोन दिवसांत सगळा कळप एकदम शिंकू लागला असता, आणि पुढे अंडी सुरकुतलेली, पातळ कवचाची, आतला पांढरा बलक पाण्यासारखा अशी आली असती. रानीखेत असती आणि लस दिलेली नसती, तर आठवडाभरात खुराडं जवळजवळ रिकामं झालं असतं. बर्ड फ्लूच्या घातक प्रकारात तर शिंक ऐकायलाही वेळ मिळत नाही, सकाळी दार उघडलं की पक्षी मेलेले सापडतात.

तुमच्या बाबतीत दुसरा संशय कोरायझाचा, आणि तो त्या सुजलेल्या चेहऱ्यामुळे. हाही जिवाणूचाच आजार. एक ते तीन दिवसांत लक्षणं येतात, डोळ्याखालचा भाग फुगतो, डोळा मिटतो, आणि नाकातून येणाऱ्या स्रावाला घाण वास येतो. हा वास हीच मोठी खूण. कोंबडी हातात घ्या, नाकपुड्यांच्या वर हलकं दाबा, बाहेर येईल तो थेंब नाकाजवळ नेऊन बघा. सडका वास असेल तर कोरायझा वरच्या क्रमांकावर येतो, नसेल तर सीआरडी. दोन्ही एकत्रही असतात, आणि बाजारातल्या पक्ष्यांत तर बऱ्याचदा असतात.

तपासणी रात्री करा. कोंबड्या दांडीवर बसून शांत झाल्या की साधारण नऊच्या सुमारास बॅटरी न लावता खुराड्याशेजारी पाच मिनिटं नुसतं उभं राहा. दिवसा खुडखुडीत आणि कलकलाटात जे ऐकू येत नाही ते तेव्हा येतं: कुणाची शिंक, कुणाची ओली घरघर, कुणाची बारीक शिट्टी. मग एकेकीला उचलून तिच्या पाठीला कान लावा. पंखांच्या खांद्यावरची पिसं बघा. कोंबडी नाक तिथेच पुसते, त्यामुळे सर्दी झालेल्या कोंबडीची खांद्यावरची पिसं चिकट, मळलेली असतात, वरून चेहरा स्वच्छ दिसला तरी. चोच उघडून आत बघा. टाळूतल्या फटीत घट्ट शेंबूड, जिभेमागे श्वासनलिकेच्या तोंडाशी पिवळट पापुद्रा, घशात पांढऱ्या बारीक पुळ्या, यातलं काय दिसतं ते लिहून ठेवा. प्रत्येकीच्या पायात वेगवेगळ्या रंगाची दोरी बांधली तर कुणाचं काय आहे याची गल्लत होत नाही.

तोंडातल्या या खुणांना फार महत्त्व आहे. पिवळा पापुद्रा खरवडला तर रक्त येतं, तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती फोडही आहेत, तर ती देवी. तिचा प्रसार मुख्यतः डासांमुळे होतो, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त दिसते. मान ताणून मोठा आवाज करत श्वास घेणं आणि भिंतीवर रक्तमिश्रित शेंबूड उडालेला दिसणं ही एलटी, म्हणजे स्वरयंत्र आणि श्वासनलिकेच्या विषाणूजन्य आजाराची खूण. पक्षी आवाज न करता नुसताच तोंड उघडून वारंवार जांभई दिल्यासारखं करत असेल, तर श्वासनलिकेत गेपवर्म नावाचे लाल कृमी असू शकतात. गांडुळं आणि गोगलगायी खाऊन ते पोचतात, आणि त्यांच्यावर प्रतिजैविक चालत नाही, जंतनाशकच लागतं.

घशातल्या पांढऱ्या पुळ्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हे आपल्याकडे सर्रास दुर्लक्षिलं जातं. बहुतेक घरी कोंबड्यांना ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी आणि उरलेली भाकरी मिळते. या सगळ्यात जीवनसत्त्व अ नगण्य. पिवळ्या मक्यात ते ज्या द्रव्यापासून बनतं ते असतं, पांढऱ्या ज्वारीत आणि तांदळात जवळजवळ नसतं. कोंबड्या मोकळ्या हिंडून हिरवा पाला टिपत असतील तर अडत नाही. पण जाळीत कोंडलेल्या किंवा गच्चीवर पाळलेल्या कोंबड्यांत काही महिन्यांत डोळे चिकटतात, नाक वाहतं, घशात पुळ्या येतात, आणि मालक सर्दी समजून महागडी औषधं देत राहतो. शेवग्याचा पाला, मेथी, पालक, किसलेलं गाजर रोज मूठभर दिलं तर ही बाजू भक्कम होते. लागण झालेली असली तरी श्वासमार्गाचं अस्तर शाबूत राहायला याची मदत होतेच.

दुसरं दुखणं खुराड्यातल्या हवेचं. पावसाळ्यात ओल येऊ नये म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री बांधली जाते, खाली विष्ठा आणि भाताचं तूस भिजतं, त्यातून अमोनिया सुटतो. हा वायू श्वासनलिकेतल्या बारीक केसांना लुळं करतो. एरवी शेंबडाबरोबर जंतू बाहेर ढकलायचं काम हेच केस करतात. आपण उभे असतो आणि कोंबडी जमिनीपासून वीतभर उंचीवर श्वास घेते, म्हणून खुराड्यात उकिडवं बसून नाक तिच्या उंचीला न्या. डोळे चुरचुरले किंवा उग्र वास आला तर तिथे कुठल्याही औषधाने गुण येणार नाही. मूठभर तूस दाबून बघा. गोळा होऊन तसाच राहिला तर ते बदलायची वेळ झाली. आणि ओल्या तुसावर चुना किंवा ब्लीचिंग पावडर टाकू नका. चुन्याने अमोनिया आणखी सुटतो, ब्लीचिंगने त्याहून त्रासदायक वायू बनतात. आधी सगळं खरवडून बाहेर काढा, जमीन धुऊन सुकू द्या, मग चुना मारा. तूस कुबट, बुरशी धरलेलं असेल तर तेही नको. बुरशीचे कण फुप्फुसात गेले की लहान पिल्लं धापा टाकत मरतात, घरघर मात्र होत नाही.

उन्हाळ्यातल्या धापेचा घोळ होऊ देऊ नका. कोंबडीला घाम येत नाही. दुपारी पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडून, शांतपणे धापणारी कोंबडी आजारी नाही, तापलेली आहे. सावली आणि गार पाणी मिळालं की संध्याकाळी ती ठीक होते. गार पहाटे चोच उघडी असेल तर ते दुखणं.

आता औषध. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन हे त्या भित्तिकेवरच घाव घालतात, म्हणून इथे ती फुकट जातात. टायलोसिन, डॉक्सीसायक्लिन, टियाम्युलिन ही उपयोगाची. एन्रोफ्लॉक्सासिनही चालतं, पण मी ते पहिल्या झटक्यात देत नाही. ते माणसांच्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातलं आहे, आणि माणसांत प्रतिकार वाढतो या कारणाने अमेरिकेने २००५ साली कोंबड्यांत त्याचा वापर बंद केला. आपल्याकडे ते काउंटरवर सहज मिळतं, म्हणून पहिलं औषध तेच होऊन बसलंय. दोन दिवस देऊन थांबवणं तर सर्वांत वाईट: जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. कोणतंही प्रतिजैविक पशुवैद्यकांनी सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितलेले पूर्ण दिवस, साधारण पाच, द्यायचं. मात्रा मी इथे मुद्दाम लिहीत नाही. एकाच औषधाच्या पुड्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या येतात, आणि चौदा कोंबड्यांच्या पाण्यात चमच्याने अंदाजे टाकलेली पूड कधी निम्मी पडते, कधी दुप्पट.

औषधाचं पाणी तेवढ्या काळात एकमेव पाणी असलं पाहिजे. परसातल्या कोंबड्या डबक्यातलं, मोरीतलं पाणी पितात, त्यामुळे ते पाच दिवस त्यांना कोंडूनच ठेवावं लागतं. डॉक्सीसायक्लिन बोअरच्या जड पाण्यात नीट लागू पडत नाही, कॅल्शियम त्याला धरून ठेवतं. उकळून गार केलेलं किंवा आरओ फिल्टरचं पाणी घ्या आणि त्या दिवसांत शिंपल्यांचा चुरा बाजूला ठेवा. आणखी एक इशारा, हा जिवावर बेतणारा आहे. ब्रॉयलरच्या तयार खाद्यात रक्ती हगवणीवरचं मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन बऱ्याचदा मिसळलेलं असतं. असं खाद्य चालू असताना टियाम्युलिन दिलं तर कोंबड्या लुळ्या पडून मरतात. पोत्यावरची चिठ्ठी वाचा, आणि डॉक्टरांना खाद्य कोणतं आहे ते आपणहून सांगा.

हळद, लसूण, तुळस खाद्यात मिसळायला माझी हरकत नाही, पण त्याने मायकोप्लाझ्मा जात नाही. चोच उघडून तेल किंवा काढा ओतणं मात्र कृपा करून थांबवा. कोंबडीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागेच असतं, ओतलेलं तेल सरळ फुप्फुसात उतरतं. बंद खुराड्यात कडुनिंबाच्या पाल्याची धुरी देतात, तीही नको. कोंबडीची फुप्फुसं बरगड्यांना चिकटलेली असतात आणि हवेच्या नऊ पिशव्या छातीपासून पोटापर्यंत, काही तर हाडांच्या पोकळीपर्यंत पसरलेल्या असतात. धूर तिथपर्यंत जातो. जंतूही तिथपर्यंत जातात. म्हणून साधी वाटणारी सर्दी दुर्लक्षिली की मागून ई-कोलाय नावाचा दुसरा जिवाणू येतो. अशी कोंबडी शवविच्छेदनाला उघडली की एरवी आरपार दिसणारा हवेच्या पिशवीचा पापुद्रा जाड झालेला असतो, आत पिवळा घट्ट साका, तसाच थर यकृतावर आणि हृदयावर. त्या टप्प्यावर औषधाने फारसं काही होत नाही.

अंड्यांचं उत्तर दोन भागांत. खायच्या अंड्यांत मायकोप्लाझ्मामुळे माणसाला धोका नाही. प्रश्न औषधाच्या अंशाचा आहे. भारतात २०१२ च्या नियमाप्रमाणे औषधाच्या वेष्टनावर वेगळी मुदत दिलेली नसेल तर शेवटच्या मात्रेनंतर अंड्यांसाठी किमान सात दिवस आणि मांसासाठी किमान अठ्ठावीस दिवस थांबायचं असतं. औषध चालू असतानाची आणि त्या सात दिवसांतली अंडी घरातही नको, शेजाऱ्यांनाही नको. खुडूक कोंबडीखाली ठेवण्याबाबत माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. मायकोप्लाझ्मा अंड्यातून पिल्लात उतरतो. वरून धडधाकट दिसणारी पिल्लं जन्मतःच जंतू घेऊन येतील आणि पहिल्या थंडीत, पहिल्या पावसात शिंकू लागतील. कोरायझा अंड्यातून उतरत नाही, पण तुमच्याकडे कोणता आहे हे ठरलेलं नाही. खुडूक कोंबडीला बसवायचंच असेल तर निरोगी कळपातली अंडी आणा, पण उबवणीची जागा या कळपापासून खरोखर लांब हवी.

हे ऐकायला कठीण जातं, पण औषधाने बऱ्या झालेल्या कोंबड्या जंतूमुक्त होत नाहीत. सीआरडी आणि कोरायझा दोन्हींत बरा झालेला पक्षी वाहक राहतो, एलटीतही तसंच. तुमच्या बाजारातल्या त्या तिघांचं बहुधा हेच झालं होतं: विकणाऱ्याकडे बरे दिसत होते, प्रवास आणि नव्या जागेच्या ताणाने जंतू उसळले. म्हणून यापुढे तुमचा चौदा कोंबड्यांचा आणि नव्या तिघांचा कळप एकच धरायचा. एक मार्ग असा की कळप बंद ठेवा, बाहेरचा पक्षी आत नाही आणि आतला बाहेर नाही, अंडी खात राहा, आणि शेवटची कोंबडी जाईपर्यंत तसंच चालवा. चौदा कोंबड्यांसाठी, त्यांच्यावर जीव असेल तर, मला हा मार्ग पटतो. दुसरा मार्ग म्हणजे औषधाची मुदत संपल्यावर कळप खाऊन संपवणं आणि नव्याने सुरुवात करणं. पिल्लं विकून चार पैसे करायचे असतील तर हाच रास्त. या कोंबड्या आठवडी बाजारात नेऊन विकणं हा तिसरा मार्ग बरेच लोक धरतात. त्याने दुसऱ्या कुणाच्या परसात हाच प्रश्न उभा राहतो.

मुलांबद्दल: सीआरडी आणि कोरायझा माणसाला होत नाहीत. रानीखेतच्या विषाणूने, विशेषतः लस हाताळताना तो डोळ्यात गेला तर, डोळे येतात आणि काही दिवसांत बरे होतात. खरी भीती बर्ड फ्लूची. २००६ साली देशातला पहिला प्रादुर्भाव नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला झाला, २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात, आणि २०२५ च्या सुरुवातीला उदगीरमध्ये कावळे मेले तेही यानेच. एक-दोन दिवसांत एकापाठोपाठ पक्षी मेले, तुरे निळे-जांभळे पडले, डोकं सुजलं, आसपास कावळे किंवा बगळे मेलेले दिसले, तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, कापू नका, उकिरड्यावर फेकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. नमुने आधी पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत आणि तिथून भोपाळला जातात. कळवलं तर कोंबड्या नष्ट करतील ही भीती मला समजते, पण घरातली मुलं त्याच खुराड्यातून अंडी गोळा करतात.

रानीखेतबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहितो, कारण लशीचा उल्लेख तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. गावात हिला मानमोडी म्हणतात. हिरवी हगवण, धाप, मग मान पिळवटते, पाय-पंख लुळे पडतात. कुमाऊँतल्या रानीखेतला १९२७ च्या सुमारास ती नोंदली गेली, तेव्हापासून आपल्याकडे तेच नाव. औषध नाही, लस आहे, आणि ती स्वस्त आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याला पुन्हा, आणि पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर आर-टू-बी ही दुसरी लस कातडीखाली टोचून. आर-टू-बी लहान पिल्लांना द्यायची नाही, ती त्यांना झेपत नाही. एका बाटलीत शंभर किंवा जास्त मात्रा येतात आणि विरघळवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते, म्हणून गल्लीतल्या पाच-सहा घरांनी एकत्र येऊन एकच दिवस ठरवणं सोयीचं. बर्फाच्या थर्मासमध्येच आणा. पाण्यातून द्यायची असेल तर नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात ती मरते. लासोटानंतर चार-पाच दिवस हलक्या शिंका येतात, घाबरू नका. तुमच्या आत्ताच्या कळपाला मात्र लस लगेच देऊ नका. आजारी छातीवर ती बाधते. शिंका थांबून दोन-तीन आठवडे गेले की डॉक्टरांशी बोलून द्या.

या आठवड्यात एवढं करा. सुजलेल्या चेहऱ्याची आणि घरघर करणारी कोंबडी वेगळ्या डालग्यात, वारा बऱ्या कोंबड्यांकडून जिकडे वाहतो त्या बाजूला ठेवा. आधी बऱ्या कोंबड्यांना दाणा-पाणी, मग आजारींना, आणि आजारींसाठी चपला वेगळ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक जिवंत आजारी कोंबडी औषध सुरू करायच्या आधी दाखवा. एखादी मेलीच, आणि बर्ड फ्लूसारखं काही नसेल, तर अख्खी कोंबडी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून, बर्फावर, त्याच दिवशी पोचवा. फ्रीजरमध्ये गोठवलेल्या कोंबडीतून फार थोडं कळतं.

पुढे कधी बाहेरून पक्षी आणाल तेव्हा त्याला तीन-चार आठवडे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. शेवटच्या दहा दिवसांत तुमची एक जुनी कोंबडी त्याच्यासोबत ठेवून बघा, नवा पक्षी वाहक असेल तर तिच्यात उमटण्याची शक्यता असते आणि बाकी कळप वाचतो. पण मला विचाराल तर मोठे पक्षी आणूच नका. कळप संपवून नव्याने सुरुवात करायची ठरवलीत, तर खुराडं खरवडून, धुऊन, चुना मारून तीन-चार आठवडे उन्हात उघडं टाका. मायकोप्लाझ्मा आणि कोरायझाचे जंतू कोंबडीबाहेर काही दिवसांपलीकडे तग धरत नाहीत. मग सरकारी किंवा खात्रीच्या उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं आणा, मॅरेक्स या विषाणूजन्य आजाराची लस टोचलेली आहे का ते विचारून घ्या, आणि पहिल्या लासोटाची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा.